कॅंपातून मागून आणलेलं झबलं

कॅंपात जाऊन आले त्याला आता पंधरवडा होत आला, तरी विहिरीवर गेलं की कुणीतरी कळशी खाली ठेवून विचारतंच. "इंदू, खरंच का गं तिथे रस्त्यात विजेचे दिवे लावून बाजार भरतो?" "इंदू, तिथल्या बायका खरंच विजारी घालून दुकानात बसतात?" आणि मग इकडे तिकडे बघून, आवाज बारीक करून, "खरंच का गं तू तिथे भीक मागितलीस?" एकेकीला सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून म्हटलं आता सगळं लिहूनच काढावं. मी मराठी तिसरी पास आणि चौथी अर्धी, कारण तेवढ्यात लग्न ठरलं, तेव्हा शुद्धलेखन बघू नका. आणि मी भित्री आहे हे सगळ्या बदलापूरला माहीत आहे, तेव्हा तेही बघू नका.

आधी आमच्या धोंडूचं सांगते, कारण सगळं त्याच्यामुळे घडलं.

माझी आधीची दोन गेली. एक सव्वा महिन्याचं होऊन गेलं, दुसरं बारशाच्या आधीच. म्हणून तिसऱ्याचं नाव धोंडू. दगडधोंड्याला कोण उचलून नेतंय? आणि सासूबाईंनी नेम घातला, पोर पाच वर्षांचं होईतो त्याच्या अंगाला विकतचं वस्त्र लावायचं नाही. पाच घरी पदर पसरायचा, मिळेल त्याचं शिवायचं, तेच घालायचं. तर धोंडूचं झबलं कसं होतं, पुढचा भाग वकिलांच्या जुन्या धोतराचा, पाठ पाटलीणबाईंच्या लुगड्याची, एक बाही गादीच्या खोळीची आणि दुसरी बाही छत्रीच्या कापडाची. पाचव्या घरी नुसती नाडी मिळाली. पाऊस आला तर पोराचा एक हात कोरडा राहायचा. आळीतल्या बायका त्याला घ्यायला हात पुढे करायच्या आणि झबलं बघून मागे घ्यायच्या, शेतातलं बुजगावणं उचलल्यासारखं वाटत असणार त्यांना.

धोंडूची ही पहिली दिवाळी. माझ्या मनात एकच होतं, एकदा तरी पोराच्या अंगावर सबंध एका कापडाचं, कोरं, एका रंगाचं झबलं बघावं. भावाने दिलेले पैसे माझ्या कनवटीला होते. पण विकत घ्यायचा धीर नव्हता. सासूबाईंना चोरून घेतलं असतं हो, तेवढा धीर एखादे वेळेस आला असता. पण वर बसून जो कोण मोजत असतो त्याला चोरून कसं घेणार? त्याने माझी दोन नेलेली, मला त्याची सवय ठाऊक झालेली.

अशात शेजारच्या दुर्गाकाकू निघाल्या कॅंपात दिवाळीचा बाजार करायला. काकू कॅंपात दोनदा जाऊन आलेल्या, त्यामुळे कुणी न विचारता माहिती सांगायचा हक्क त्यांना मिळालेला. म्हणाल्या, "इंदूला पाठवा हो माझ्याबरोबर. बिचारीने शहर बघितलेलं नाही. हवापालट होईल." पिशव्या धरायला कुणीतरी हवं होतं हे त्या बोलल्या नाहीत. सासूबाईंनी सांगितलं, "जा. उटणं, रांगोळी, पणत्या आण. पोराला काही घेऊ नकोस." वस्तू तीन आणि ताकीद एक, पण ताकीद तीनदा दिली.

निघताना

निघायच्या आधी काकूंनी मला कॅंपाची सगळी भीती नीट समजावून सांगितली. तिथे पोरं पळवतात. चहात काहीतरी घालतात. बोलता बोलता हातातली बांगडी उतरवतात आणि आपल्याला घरी आल्यावर कळतं. "आणि पावलापावलाला हात पसरतात हो! सिंधातून आलेली निर्वासित माणसं ती. सुटी नाणी जवळ ठेव, नाहीतर पदर सोडायची नाहीत."

"काकू, मग आपण कशाला जायचं तिथे?"

"अगो, स्वस्त मिळतं!"

मी धोंडूला पाठीशी घेतला आणि वरून जुनं लुगडं गुंडाळलं. काकूंनी गाठ मारली, वर आणखी एक मारली, गुडघा लावून ओढली आणि म्हणाल्या, "आता यम आला तरी सुटायची नाही." मी घाईने राम राम म्हटलं. पण काकूंचं तोंडच तसं, सणासुदीलाही शुभ बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं.

अंबरनाथ

बदलापूर ते अंबरनाथ आगगाडीने एकच स्टेशन, त्यात लिहिण्यासारखं काय असणार? डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते, ती संपायच्या आत अंबरनाथ आलं.

काकूंची विमल तिथे राहते. जावई आगकाड्यांच्या कारखान्यात कामाला. विमलला सातवा लागलेला. तिने पोहे दिले, वर ओलं खोबरं, आणि काकू जावयाच्या पंख्याचं कौतुक करत होत्या तेवढ्यात ती माझ्याजवळ येऊन बसली. धोंडूच्या छत्रीच्या बाहीवरून तिने बोट फिरवलं.

"हे असं घातलं की राहतात का गं?" तिने हळूच विचारलं.

मी काय सांगणार? म्हटलं, "हा राहिलाय अजून."

काकूंचे कान भारी तिखट. तिथूनच म्हणाल्या, "विमल, असलं काही बघत बसू नकोस. आपल्याकडे धोंडू-दगडू नसतात हो. आपण डॉक्टरला दाखवतो." विमलचं पहिलं मागच्या साली गेलं. तेही डॉक्टरलाच दाखवलेलं होतं, पण हे मी बोलले नाही. पोहे त्यांचे खाल्लेले.

तिथून शंकराच्या जुन्या देवळात गेलो. बाहेरून बघाल तर दगडात इतकं कोरलेलं आहे की मान दुखते. पण आत देव खाली खोल, अंधारात पायऱ्या उतरून जायचं. आमच्या बदलापुरात देव वर बसतात आणि आपण खालून हात जोडतो. इथे देव खाली आणि आपण वरून वाकायचं, मला ते बरं नाही वाटलं. मी पायऱ्यांवरच थांबले आणि तिथूनच सांगितलं, देवा, एक झबलं. विकत न घेता. कसं ते तू बघ. काकू थेट खाली जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "विमलला मुलगा झाला तर अभिषेक, मुलगी झाली तर नुसता नारळ, असं बोलून आले." देवाशीसुद्धा भाव केल्याशिवाय काकू सोडत नाहीत.

अंबरनाथच्या बाजाराचं एवढंच लिहिते की पणत्या तिथल्या चांगल्या. रांगोळी मात्र जाड, दात घासायची पूड बरी.

कॅंप

देवळापासून टांगा केला. टांगेवाल्याला काकूंनी सांगितलं, "उल्हासनगर."

"कोणतं नगर?"

"अहो, कॅंप!"

"मग तसं सांगा ना बाई. नगर सरकारला माहीत, घोड्याला कॅंपच माहीत."

मी मनात शहर म्हणजे माड्या, सज्जे, रंगीत काचा असं धरून चाललेले. आणि बघते तर काय, लांबच लांब ठेंगण्या बराकी. लढाईत गोऱ्या सोल्जरांना राहायला बांधलेल्या, एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी, गुरांच्या गोठ्यांची जणू फलटण उभी केली आहे. म्हटलं, हे शहर? पण टांगा वळला आणि मी काकूंचा दंडच धरला. त्या बराकींच्या पुढे बाजार! एवढा बाजार मी जन्मात बघितला नव्हता. भर दिवसा दिवे लावलेले. कापडाचे ठाण तर दोरीवरून असे सोडलेले की आपण लुगड्यांच्या पोटातून चाललोय असं वाटावं. काचेच्या बांगड्या, फटाके, बिस्किटं, आरसे, आरशांत मी, माझ्या पाठीवर धोंडू, आणि धोंडूच्या तोंडात माझा अंबाडा.

आणि सगळे ओरडत होते. आमच्या बदलापूरचा वाणी गिऱ्हाईक आलं की आधी जांभई देतो, मग काय पाहिजे विचारतो, मग नाही म्हणतो. इथे मी नुसतं एका दुकानाकडे बघितलं तर दुकानदार उठून उभा! "आओ अम्मा, आओ बहन, देखने का पैसा नहीं!" मला उठून कुणी आओ म्हणायची ही पहिली वेळ. लग्नातसुद्धा म्हणाले नव्हते.

एके ठिकाणी मातीची इवलीशी दुकानं विकायला होती, रंगवलेली, वर छप्पर, आत पणतीला जागा. त्याला ते हटडी म्हणतात. आम्ही दिवाळीत पोरांना किल्ला करायला लावतो, त्यावर शिपाई ठेवतो. ते घरातल्या मुलाच्या नावाने हटडी ठेवून लक्ष्मी पुजतात. आमच्या पोरांनी लढायचं, त्यांच्या पोरांनी दुकान घालायचं. काकू नाक मुरडून म्हणाल्या, "बघ, देवातही धंदा." पण आमच्या घरच्यांपैकी लढायला अजून कुणी गेलेलं नाही, सगळे कारकून आहेत.

काकू सुटी नाणी मुठीत घेऊन चाललेल्या, भिकाऱ्यांची वाट बघत. पहिली गल्ली गेली, दुसरी गेली, हात पसरणारं कुणी भेटेना. काकू चिडायला लागल्या. शेवटी एक म्हातारा दिसला, अंगात जुना पण इस्त्रीचा काळा कोट, डोळ्यांनी अधू, भिंतीशी उभा. काकूंनी घाईने त्याच्या हातावर नाणं ठेवलं. त्याने ते चाचपलं आणि खिशातून एक कंगवा काढून काकूंपुढे धरला.

"नको हो, राहू दे, तसंच ठेवा."

"कंगवा ले जाओ, अम्मा."

"अहो नको! धर्म केला मी!"

"धर्म मंदिर में. इधर कंगवा." आणि त्याने तो कंगवा काकूंच्या पिशवीत घातलाच. काकूंचे सगळे केस गेलेले, वर गंगावन. पुढची सगळी गल्ली त्या पिशवीचं तोंड आवळून चालल्या.

बराकीतलं दुकान

काकांच्या सदऱ्याला कापड घ्यायला काकू एका दुकानात चढल्या. दुकान म्हणजे बराकीचा पुढचा वीतभर ओटा. एका बाजूला शिवणयंत्रावर तिशीचा एक माणूस, समोर गादीवर पांढऱ्या विजारीतली एक म्हातारी. चेहऱ्यावर सुरकुत्या इतक्या, पण पाठ ताठ. बसायला दिलं आणि विचारल्याशिवाय पापड आणि पाणी पुढे आलं. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतात, त्यांच्यात पापड आणि पाणी. मला चहातलं काहीतरी आठवलं. पण पापडात काय घालणार? मिरी होती. मी खाल्ला. काकू नको नको म्हणत दोन खाऊन बसल्या.

काकूंना एक गुलाबी रेघांचं कापड आवडलं. म्हातारी म्हणाली, "ये मत लो. कच्चा रंग है. घर में अस्तर को लगाओ तो ठीक, आदमी को नहीं."

काकू माझ्या कानाशी लागल्या. "बघितलंस? चांगला माल लपवतायत. जे देत नाहीत तेच घ्यावं." आणि मोठ्याने, "हमको वोइच मंगता!"

म्हातारीने मुलाकडे बघितलं. मुलाने खांदे उडवले आणि कापड फाडलं.

माझं लक्ष कोपऱ्यात. तिथे शेवंतीसारखं पिवळं कापड घडी करून ठेवलेलं. मऊ असणार असं दिसतच होतं. मी एक बोट लावलं. खरंच मऊ होतं. झट्दिशी बोट मागे घेतलं.

"बच्चे के लिए?" म्हातारीने विचारलं.

मी मान हलवली, नाही.

तिने माझ्या पाठीमागे वाकून बघितलं. धोतराचा पुढा, लुगड्याची पाठ, खोळीची बाही. छत्रीच्या बाहीपाशी तिची नजर थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं आता हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "पहले कितने गये?"

मी दोन बोटं दाखवली.

तिने तीन दाखवली. मग शिवणयंत्राकडे हात केला. "ये चौथा. नाम फकीरचंद. पूरे मोहल्ले से माँगा हुआ है."

फकीरचंद खाली मान घालून यंत्र मारत होता. त्याचे कान लाल झाले. "अम्मा, गिऱ्हाईक के सामने…"

म्हणजे हे त्यांच्यातही आहे! एवढं दूर, तिकडे सिंधात, कुणी कुणाला न सांगता, हीच युक्ती, यमाला फसवायची.

म्हातारीने ते पिवळं कापड उचलून मांडीवर घेतलं. "माँग," म्हणाली.

काकू मध्येच उठल्या. "इंदे, वेड लागलंय का? अगो, मागतात ते घरी! हे दुकान आहे. दुकानातून आणलेलं ते विकतचंच. सासू विचारील कुणाचं घर, तर काय सांगशील? यांना घरं कुठे आहेत?"

काकूंचं म्हणणं नेमाप्रमाणे बरोबर होतं, म्हणून तर मला त्यांची भीती वाटते. म्हातारीला सगळं कळलं असावं. ती उठली आणि मागचा गोणपाटाचा पडदा बाजूला केला. "ये मेरा घर. अंदर आ."

आत एक खाट, एक चूल, भिंतीशी ट्रंकांची उतरंड, देवाची तसबीर, आणि नवी आणलेली एक हटडी. आणि घर संपलं. दोन्ही बाजूंना भिंती नव्हत्याच, गोणपाट टांगलेलं, त्याच्यापलीकडे दुसऱ्याचं घर, त्याच्यापलीकडे तिसऱ्याचं. पलीकडे कुणीतरी कांदा परतत होतं, त्याच्यापलीकडे कुणी खोकत होतं. एका बराकीत अख्खी आळी राहत होती.

"ये घर है ना?" म्हातारीने पडद्यातून काकूंना विचारलं. काकू गुलाबी कापडाची घडी घालायला लागल्या.

"अब माँग."

मी पदर पसरला. ती देईना.

"ऐसे नहीं. मुँह से."

बदलापुरात मी पदर पसरला होता तेव्हा बोलल्या होत्या सासूबाई. मी नुसती खाली बघत उभी. आता माझ्या तोंडून आवाज फुटेना. एक तर परकी माणसं, त्यात बाहेर बाजार, आणि मी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा अरे म्हणत नाही. पुटपुटले काहीतरी.

"यम बहरा है," म्हातारी म्हणाली. "ज़ोर से."

मग काय झालं कुणास ठाऊक. ते सव्वा महिन्याचं डोळ्यांपुढे आलं, ते बिननावाचं आलं, आणि मी अशी ओरडले, अशी ओरडले की पाठीवरचा धोंडूसुद्धा दचकला. "माई! माझ्या पोराला जगायला वस्त्र वाढा हो माई!"

कांदा परतायचा थांबला. खोकला थांबला.

बाहेर काकू कुणाला तरी सांगत होत्या, "नाही हो, हमारे साथ की नहीं है. टांगे में बैठी थी बस."

आणि मग म्हातारीने ते कापड माझ्या पदरात टाकलं, आणि सिंधीत काहीतरी मोठ्याने बोलली. त्यावर गोणपाटाच्या वरून एक हात आला. नुसता हात, बांगड्या भरलेला, बाकी बाई दिसेना. हातात दोन बटणं, एक शिंपल्याचं आणि एक पितळी, कुणा सोल्जराच्या कोटाचं. दुसऱ्या बाजूने दुसरा हात आला, त्यात जरीची किनार. आणखी पलीकडून दोऱ्याचं रीळ आलं, ते हातोहात दोन घरांवरून आलं आणि मधल्या घरात खाली पडून तिथल्या तव्यात गेलं, म्हणून तेलकट आलं. पाचव्या घरचा खोकणारा म्हातारा विचारत होता, "किस चीज़ का चंदा है?" त्याला ओरडून सांगितलं तेव्हा त्याने एक खाकी तुकडा पाठवला आणि निरोप पाठवला की याचा खिसा लावा. बिनखिशाचा माणूस काय कामाचा.

झबल्याला खिसा! आमच्या सबंध घराण्यात कुणी ऐकलं नव्हतं.

पाच घरं झाली. तेही ऊन न लागता.

फकीरचंद म्हणाला, "अम्मा, त्योहार का टाइम है. ये दुकान है कि धर्मशाला?"

"तेरी चड्डी भी ऐसे ही सिली थी. सी!"

त्याने शिवायला घेतलं. आम्ही पुढे ओट्यावर आलो, पण माप घ्यायला धोंडू सुटेना. काकूंची ती गाठ. आधी मी ओढली, मग म्हातारीने ओढली, मग बटणवाली आणि किनारवाली बाहेर आल्या, एकीने दात लावले. काकू बाहेरून बघत होत्या पण ओळख द्यायची नसल्यामुळे आत येता येईना. शेवटी फकीरचंदने मोठी कात्री उचलली. मी डोळे मिटले. पोरं पळवतात, चहात घालतात, सगळं एकदम आठवलं. कच्च् असा आवाज आला आणि धोंडू म्हातारीच्या मांडीवर पालथा पडून यंत्राचं चाक धरायला चालला होता. लुगडं गेलं. यमाला न सुटणारी गाठ शिंप्याने कापली.

मी कनवटीचे पैसे काढले. म्हातारीने माझ्या हातावर चापट मारली. "पैसा दिया तो विकत हो गया ना, पागल!" एवढा मराठी शब्द तिने आमच्यासारख्या गिऱ्हाइकांकडूनच उचललेला असणार.

झबलं शिवून झालं. पिवळंधमक, सबंध, एका कापडाचं, दोन बटणं दोन जातींची, गळ्याला जरीची किनार, छातीवर खाकी खिसा. निघताना म्हातारी म्हणाली, चालायला लागला की घेऊन ये, फकीरच्या हटडीत दिवा लावील. मी हो म्हटलं. आणि बाहेर काकू उभ्या, हातात गुलाबी रेघांचं कापड. सगळ्या कॅंपात त्या दिवशी हात पसरणारी बाई एकच निघाली, ती बदलापूरची, आणि ती त्यांनीच बरोबर आणलेली. परतीच्या वाटेवर त्यांनी मला सगळ्या पिशव्या दिल्या आणि स्वतः चार पावलं पुढे चालल्या.

घरी

घरी आले तर माझ्या आधी बातमी घरी. सासूबाई ओटीवर बसलेल्या.

"विकत घेतलंस?"

"नाही. मागितलं."

"तोंडाने?"

"ओरडून."

"किती घरी?"

"पाच." आणि मी घरं सांगितली. पडद्याचं घर, बांगड्यांच्या हाताचं घर, किनारीचं, तेलकट रिळाचं, खोकल्याचं.

सासूबाईंनी झबलं उलटं करून शिवण बघितली, बटणं ओढून बघितली, खिशात बोट घालून बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता चुलीत घालतात. मग त्यांनी ते धोंडूच्या अंगात घातलं, कानामागे तीट लावली आणि आत निघून गेल्या.

पहिल्या रात्री मी धोंडूच्या कपाळावर हात ठेवूनच झोपले. ताप नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळ झाल्यावर त्याने ते झबलं घालून कारीट टाचेखाली फोडायच्या ऐवजी तोंडात घातलं, आणि कडू लागल्यावर असा रडला की शेजारचे जागे झाले. चांगला भरलेल्या छातीने रडला. मला फराळापेक्षा ते गोड लागलं.

आणि सासूबाईंचं काय सांगू? पाडव्याला हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना म्हणत होत्या, "आळीतल्या पाच घरी काय, कुणीही मागतं हो. आमच्या धोंड्याचं थेट सिंध प्रांतातून मागून आणलंय."

त्याच पाडव्याला काकांना ओवाळायला बसवलं होतं, अंगात तो गुलाबी रेघांचा नवा सदरा. ओवाळून होईतो ते घामाघूम झाले आणि मानेपासून कमरेपर्यंत गुलाबी. देवाशपथ, रेघांसकट. काका भले, म्हणाले, "सणाचा रंग आहे." काकूंनी ते कॅंपातल्या लोकांच्या लबाडीचं उदाहरण म्हणून सगळ्या आळीला सांगितलं. म्हातारीने नको म्हटलेलं सांगितलं नाही.

तर आता ते विहिरीवरचं. तू भीक मागितलीस का, म्हणून विचारायला बायकांना पढवलं ते काकूंनीच, हे मला माहीत आहे. मी काही बोलले नाही. भित्री ना मी.

पण काल संध्याकाळी दिवेलागणीला मागच्या दाराची कडी वाजली. बघते तर काकू. पदर तोंडाला लावलेला, गंगावन विस्कटलेलं. आत येईनात, बसेनात. अंबरनाथहून निरोप होता, विमलला दवाखान्यात नेलं होतं, आता घरी आहे, पण पोटातल्या बाळाचं डॉक्टर काही बोलत नाहीत.

"इंदे," काकू म्हणाल्या. आवाज इतका हळू की मला आधी काकूंचा वाटेना. "ती म्हातारी… तिच्या बराकीचा नंबर काय गं होता?"

सगळ्या बराकी एकीसारख्या एक. नंबर मी कुठला वाचतेय तेव्हा? पण मला ती गल्ली आठवते, कंगव्याच्या म्हाताऱ्याची भिंत आठवते, गोणपाटाचा पडदा आठवतो.

"नंबर नाही माहीत, काकू," मी म्हटलं. "पण मी नेते ना तुम्हाला. तिथे मागायचं कसं तेही सांगते. मोठ्याने मागावं लागतं."

काकूंनी मान डोलावली.

"उद्याच जाऊ," मी म्हटलं. "धोंडूला मी घेईन. पिशव्या मात्र तुम्ही धरा."